भाष्य, पंचांग आणि समीक्षेचा संकोच

१

शुभवर्तमानांवरील आद्य ख्रिस्ती भाष्ये साहित्यसमीक्षेच्या कक्षेबाहेरची आहेत, हे गृहीत समीक्षेच्या व्यवहारात फार दिवस सुखाने नांदत आले आहे. ही भाष्ये म्हणजे ईश्वरशास्त्राची, उपदेशाची किंवा भक्तीची सामग्री. त्यांत संहितेचे वाचन नाही, संहितेवर केलेले आरोपण आहे, असा या गृहीताचा आशय. ओरिजेन, ऑगस्टिन, क्रिसोस्तोम, ग्रेगरी ही नावे त्यामुळे धर्मेतिहासाच्या पुस्तकात सापडतात. अर्थनिर्णयाच्या चर्चेत ती आलीच तर कशी चूक करू नये याचे उदाहरण म्हणून येतात.

या गृहीताला विरुद्ध बाजूने बळ मिळते ते श्रद्धावंतांच्या पक्षाकडून. त्याच्या हाती ही भाष्ये वेच्यांच्या रूपाने येतात. अमुक रविवारचे शुभवर्तमान, त्याखाली ओरिजेनची दोन वाक्ये, मग जेरोमचे एक, मग ऑगस्टिनचा परिच्छेद, शेवटी ग्रेगरीचा उपदेश. चौथ्या शतकातील अँटिओक आणि सहाव्या शतकातील रोम एकाच पानावर एका सुरात बोलू लागतात. पहिला पक्ष भाष्यकारांना वाचतच नाही. दुसरा वाचतो, पण त्यांच्यातील मतभेद कानावर पडू देत नाही.

वरवर परस्परविरोधी दिसणारे हे दोन्ही पक्ष एका बाबतीत सारखेच उदासीन आहेत. भाष्य कोणत्या दिवशी झाले, कोणापुढे झाले आणि कोणत्या दुसऱ्या पाठाच्या शेजारी झाले, हा प्रश्न दोघांनाही अवांतर वाटतो. वस्तुतः तोच कळीचा प्रश्न आहे. आद्य ख्रिस्ती भाष्याचा बराच मोठा भाग ग्रंथावर लिहिलेला नाही; तो सभेत नुकत्याच मोठ्याने वाचल्या गेलेल्या उताऱ्यावर बोललेला आहे. त्याचा विषय ग्रंथ नव्हे, वाचन होय. ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे समीक्षेने एका समृद्ध वाचनपरंपरेकडे पाठ फिरवली आहे, आणि त्याहून गंभीर म्हणजे, त्या परंपरेने केलेल्या अन्यायाची झडती घेण्याचे आपले कर्तव्यही टाळले आहे.

२

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ यूलिखर या जर्मन अभ्यासकाने येशूच्या दाखल्यांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि शतकानुशतके चालत आलेल्या रूपकात्मक अर्थनिर्णयावर कठोर प्रहार केला. दाखला हा दाखला आहे. त्यातील प्रत्येक वस्तूला गुप्त अर्थ चिकटवणे म्हणजे त्याचा जीव घेणे, हे त्याच्या म्हणण्याचे सार. १९३५ साली सी. एच. डॉड यांनी ‘द पॅरेबल्स ऑफ द किंगडम’ या ग्रंथाच्या आरंभीच ऑगस्टिनने केलेले चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचे विवरण उद्धृत केले. तेव्हापासून ते विवरण पाठ्यपुस्तकातील शोभेची वस्तू होऊन बसले आहे.

विवरण असे : यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा मनुष्य म्हणजे आदाम. यरुशलेम ही शांतीची स्वर्गीय नगरी. यरीहो म्हणजे चंद्र, म्हणजे क्षयवृद्धी असलेले आपले मर्त्यत्व. लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत. बाजूने निघून जाणारे याजक आणि लेवी म्हणजे जुन्या कराराचे याजकपण व सेवा. शोमरोनी स्वतः प्रभू. तेल म्हणजे आशेचे सांत्वन, द्राक्षारस म्हणजे उत्साहाने कार्य करण्याची प्रेरणा, वाहनाचे जनावर म्हणजे प्रभूने धारण केलेला देह, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, दोन नाणी म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा, आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल.

यूलिखर आणि डॉड यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. दाखला प्रथम ज्यांनी ऐकला त्यांच्या कानांनी तो ऐकण्याचा त्यांचा आग्रह मोलाचा होता. प्रवचनकारांच्या आळसाला रूपक ही सोयीची पळवाट झाली होती, हेही खरे. परंतु एक आक्षेप घ्यावाच लागतो. ऑगस्टिनने या दाखल्याचे एवढेच विवरण केलेले नाही. ‘दे दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या अर्थनिर्णयावरील ग्रंथाच्या पहिल्या भागात तो हाच दाखला घेतो आणि तेथे रूपकाला हातही लावत नाही. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याने तेथे थेट नीतीच्या पातळीवर दिले आहे : ज्याच्यावर दया करणे आपले कर्तव्य आहे तो शेजारी, आणि म्हणून कोणताही मनुष्य त्यातून वगळता येत नाही. एकाच वाचकाची दोन वाचने उपलब्ध असताना त्यांतील विचित्र दिसणारे एक उचलायचे आणि दुसऱ्याचा उल्लेखही करायचा नाही, याला इतिहासनिष्ठा म्हणता येणार नाही.

रूपकाची ही मांडणी ऑगस्टिनची स्वतःची कल्पनाही नव्हे. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओरिजेनने लूकवरील चौतिसाव्या प्रवचनात ती दिली आहे, आणि तीही एका वडीलधाऱ्याचे मत म्हणून. म्हणजे ओरिजेनच्या काळीच ती परंपरेने आलेली होती. ओरिजेन ती सांगतो आणि शेवटी श्रोत्यांना जागेवर आणतो : तूही जाऊन तसेच कर, हे वाक्य शोमरोन्याचे अनुकरण करण्याची आज्ञा आहे, आणि ती पाळणे शक्य आहे. रूपकाने नीती गिळून टाकली, हा आरोप येथे टिकत नाही.

दाखल्याच्या रचनेकडे पाहिले तर रूपकाच्या मागची वाचनदृष्टी अधिक स्पष्ट होते. शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू कथा सांगून उलट विचारतो, त्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? पहिल्या प्रश्नात शेजारी ही दयेचे कर्म असलेली व्यक्ती आहे; दुसऱ्यात ती दयेची कर्ती आहे. प्रश्न विचारणारा शास्त्री स्वतःला दाता समजून आला होता. कथेने त्याला रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाच्या डोळ्यांनी पाहायला लावले. श्रोत्याला जखमी मनुष्याच्या जागी बसवणारे रूपक या उलटापालटीला प्रामाणिक राहते. रखवालदार म्हणजे पौल हा तपशील आज हास्यास्पद वाटतो खरा. पण त्यालाही आधार आहे. अधिक काही खर्च झाले तर परतल्यावर देईन, या वाक्यावर ऑगस्टिन थांबतो आणि हक्क असूनही सभेवर भार न टाकता स्वहस्ते काम करणारा पौल त्याला आठवतो. हे आरोपण असेल. पण ते संहितेतील एका शब्दावर रेंगाळलेल्या वाचकाचे आरोपण आहे. अशा रेंगाळण्याला इतरत्र समीक्षा सूक्ष्म वाचन म्हणते.

३

आता पंचांगाकडे वळावे. रोमन परंपरेच्या जुन्या मिस्साग्रंथात चांगल्या शोमरोन्याचा दाखला पेंटेकॉस्टनंतरच्या बाराव्या रविवारी वाचला जाई. त्याच्या आधी वाचायचा पत्रपाठ करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील होता : अक्षर मारते, आत्मा जिवंत करतो, आणि दगडावर कोरलेली सेवा ही मरणाची सेवा. हा पाठ कानात घुमत असताना याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून पुढे जातात. नियमशास्त्र वाचवू शकत नाही, हा अर्थ मग प्रवचनकाराला शोधावा लागत नाही. दोन पाठांच्या शेजारामुळे तो आपोआप सिद्ध होतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली पाठांची नवी व्यवस्था जाहीर झाली. रविवारच्या वाचनांचे एक वर्षाचे चक्र जाऊन तीन वर्षांचे आले. मत्तय, मार्क आणि लूक यांना एकेक वर्ष मिळाले, आणि जुन्या करारातील पाठ रविवारच्या मिस्सात नियमाने ऐकू येऊ लागला. शोमरोन्याचा दाखला आता तिसऱ्या, म्हणजे लूकच्या वर्षात सामान्यकाळाच्या पंधराव्या रविवारी येतो. त्याच्या आधीचा पाठ अनुवाद या ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायातील आहे : ही आज्ञा तुझ्यापासून दूर नाही, ती आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही; ती तुझ्या मुखात आणि तुझ्या हृदयात आहे.

कथा तीच, शब्द तेच. पण ऐकणाऱ्याच्या कानात अर्थ बदललेला आहे. जुन्या मांडणीत नियमशास्त्र दाखल्यातील टाळून जाणाऱ्या पात्रांच्या बाजूला होते. नव्या मांडणीत ते शास्त्र्याच्या मुखातून निघालेल्या अचूक उत्तराच्या बाजूला आहे. लूकच्या संहितेत ते उत्तर आहेच : देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर प्रीती कर, हे येशू सांगत नाही, शास्त्री सांगतो, आणि तो ते अनुवाद व लेवीय या ग्रंथांतूनच सांगतो. शतकानुशतके कानावरून गेलेली ही बाब शेजारचा पाठ बदलताच ऐकू येऊ लागली.

येथे भाष्यकाराने नवे काही लिहिलेले नाही. पाठांची निवड आणि त्यांचा क्रम हेच भाष्य झाले आहे. अर्थ संहितेत असतो की वाचकात, हा वाद गेली काही दशके मराठी समीक्षेतही रंगला. वाचकसमुदाय, अर्थनिर्णयाचे संकेत, संहितांचे परस्परसंबंध या संज्ञा आपण भराभर आत्मसात केल्या. त्या संज्ञांची खरी परीक्षा जेथे होऊ शकते अशी, दीड हजार वर्षांची, तारीखवार नोंद असलेली एक वाचनव्यवस्था समोर असताना तिच्याकडे समीक्षेने पाहिले नाही. सिद्धान्त पाश्चात्त्य विद्यापीठांतून घ्यायचा आणि त्या सिद्धान्ताला ज्या व्यवहाराने जन्म दिला तो व्यवहार मात्र धार्मिक म्हणून टाकून द्यायचा, या वृत्तीत सैद्धान्तिक धैर्य फारसे दिसत नाही.

सभेला या क्रमाचे केवढे महत्त्व होते याची साक्ष ऑगस्टिनच्याच एका प्रवचनात मिळते. दुःखसहनाचे वृत्त दरवर्षी मत्तयाचेच वाचले जाई. ते आळीपाळीने चारही शुभवर्तमानांतून वाचावे असे त्याच्या मनात आले. तसे केले, तेव्हा सवयीचे शब्द कानी न पडल्यामुळे लोक अस्वस्थ झाले. हिप्पोच्या बिशपाला आपल्या सभेच्या कानांपुढे माघार घ्यावी लागली. ज्यांना केवळ निष्क्रिय श्रोते समजले जाते ते संहितेचे असे जागरूक राखणदार होते. आज झावळ्यांच्या रविवारी मत्तय, मार्क आणि लूक यांची वृत्ते तीन वर्षांत आळीपाळीने वाचली जातात. ऑगस्टिनला जे साधले नाही ते त्याच्यानंतर साडेपंधरा शतकांनी रुळले.

४

दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे वेचे काढणाऱ्यांचा, विचार आता करता येईल. या प्रथेचे सर्वांत भव्य रूप म्हणजे ‘कातेना आउरेया’, सुवर्णशृंखला. पोप चौथा अर्बन याच्या सूचनेवरून तेराव्या शतकाच्या सातव्या दशकात थॉमस अक्वायनसने चारही शुभवर्तमानांवरील आचार्यांची वचने ओवीमागून ओवी अशी गुंफली. ग्रीक आचार्यांना लॅटिन वाचकांपर्यंत आणण्याचे जे काम या ग्रंथाने केले ते थोर आहे. वचनांखाली कर्त्यांची नावे देण्याची आणि आपण संक्षेप केला आहे हे कबूल करण्याची दक्षताही अक्वायनसने घेतली. १८४१ ते १८४५ या काळात न्यूमन यांच्या पुढाकाराने तिचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि पुढे प्रवचनाची तयारी करणाऱ्यांच्या टेबलावर ती कायमची विसावली.

परंतु शृंखला ही शृंखलाच असते. क्रिसोस्तोमचे उदाहरण पाहावे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओक येथे मत्तयावर त्याने नव्वद प्रवचने दिली. त्यांतील पन्नासाव्या प्रवचनाचा एक भाग अतिशय प्रसिद्ध आहे : ख्रिस्ताच्या देहाचा मान राखायचा तर त्याला उघडे पाहून तुच्छ लेखू नका, मंदिरात रेशमी वस्त्रांनी त्याचा सन्मान आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्याकडे दुर्लक्ष, असे करू नका, हा त्याचा आशय. सुधारलेल्या नित्यप्रार्थनाग्रंथातही हा वेचा घेतलेला आहे. वेचा म्हणून तो सामाजिक न्यायाचा ओजस्वी उपदेश वाटतो, आणि तसा तो आहेही.

मात्र हे प्रवचन कोणत्या उताऱ्यावर आहे? येशू समुद्रावरून चालत येतो, तेथून गनेसरेत येथे पोहोचतो आणि आजारी लोक त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला स्पर्श करून बरे होतात, त्या उताऱ्यावर. क्रिसोस्तोमची वाट गोंड्यापासून सुरू होते. त्यांना वस्त्राचे टोक मिळाले; आपल्याला तर वेदीवर त्याचा देहच मिळतो. देह मिळतो तर त्याचा मान कसा राखावा? वेदीवरील वस्त्राने की दारात उघड्या बसलेल्या माणसाला पांघरूण घालून? वस्त्र, देह, वेदी, पुन्हा वस्त्र, असे हे वर्तुळ आहे. उतारा तोडून हाती दिला की उपदेश उरतो आणि वाचन हरवते. क्रिसोस्तोम थोर समाजहितैषी होता एवढेच मग कळते. तो वस्त्राच्या एका गोंड्यावरून शहराच्या श्रीमंतीपर्यंत पोहोचणारा वाचक होता हे कळत नाही.

शृंखलेची दुसरी गंमत अधिक बोलकी आहे. मत्तयावरील ‘अपूर्ण ग्रंथ’ म्हणून ओळखले जाणारे एक लॅटिन भाष्य मध्ययुगात क्रिसोस्तोमच्या नावावर चालत होते. अक्वायनसला ते फार प्रिय होते आणि सुवर्णशृंखलेत त्याचे कितीतरी दुवे आहेत. सोळाव्या शतकात एरॅस्मसने दाखवून दिले की हे लेखन क्रिसोस्तोमचे नव्हेच. लेखक एरियसपंथी, म्हणजे ख्रिस्तसभेने पाखंडी ठरवलेल्या मताचा होता. सर्व आचार्य एकमुखाने बोलतात असे दाखवण्यासाठी रचलेल्या ग्रंथात एक पाखंडी शतकानुशतके सुवर्णमुखाच्या नावाने बोलत राहिला आणि कोणालाही विसंगती जाणवली नाही. उलटपक्षी, मोप्सुएस्तियाचा थिओडोर हा संहितेच्या शब्दार्थाला आणि ऐतिहासिक संदर्भाला धरून राहणारा अँटिओकचा मातब्बर भाष्यकार. ५५३ सालच्या परिषदेने त्याला दोषी ठरवले आणि त्याच्या ग्रंथांचा मोठा भाग नष्ट झाला. एकवाक्यता अशी घडवली जाते : काही आवाज गाळून, काहींना दुसऱ्याचे नाव देऊन.

५

येथवरचे विवेचन वाचून एखादा उत्साही सिद्धान्तप्रेमी म्हणेल : मग हे भाष्यकार आधुनिकोत्तर वाचकच होते की! अर्थाची अनेकता, कर्त्याच्या हेतूपलीकडे जाणारे वाचन, संहितांचा खेळ, सगळेच त्यांच्याकडे आहे. हा तिसरा पक्ष अलीकडचा आहे आणि कदाचित सर्वांत फसवा आहे. या भाष्यकारांची अनेकार्थता मोकाट नव्हती. तिला सीमा होती, आणि सीमा आखणारी सत्ताही होती. त्या सत्तेचे परिणाम खऱ्याखुऱ्या माणसांना भोगावे लागले.

मग्दालिया मरीयेचे उदाहरण घ्यावे. लूकच्या सातव्या अध्यायात परुश्याच्या घरी येशूच्या पायांना अत्तर लावणारी एक पापी स्त्री आहे. तिला नाव नाही. आठव्या अध्यायाच्या आरंभी मग्दालिया मरीयेचा उल्लेख येतो. तिच्यातून सात भुते निघाली होती, एवढेच सांगितले आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया अत्तर लावते. पूर्वेकडील परंपरेने या तिघींना वेगळे ठेवले. ५९१ साली, सप्टेंबरातील उपवासाच्या दिवसांत, ग्रेगरीने रोममध्ये लूकच्या सातव्या अध्यायावर प्रवचन दिले आणि तिघींची एक स्त्री केली. सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण, आणि ते अत्तर म्हणजे तिने पूर्वी आपल्या देहाच्या निषिद्ध भोगासाठी वापरलेले सुगंधी द्रव्य, असे त्याने सांगितले. नुकत्याच येऊन गेलेल्या महामारीने आणि लाँबर्डांच्या भीतीने ग्रासलेल्या नगराला पश्चात्तापाची एक मूर्ती हवी होती. ती त्याने दिली. प्रसंगाच्या दृष्टीने ते वाचन समर्थ होते.

पण प्रसंग संपला आणि वाचन राहिले. प्रवचनसंग्रहात ते गेले. शार्लमेनच्या आज्ञेवरून आठव्या शतकाच्या उत्तरार्धात पाउलुस दिआकोनुसने रात्रीच्या उपासनेसाठी जे प्रवचनसंकलन सिद्ध केले, तशा संकलनांतून ग्रेगरीचा शब्द मठामठांत पोहोचला. मग्दालियेच्या सणाला, २२ जुलैला, जुन्या मिस्साग्रंथात शुभवर्तमान वाचले जाई ते लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्रीचे. भाष्याने पंचांगात प्रवेश केला आणि पंचांगाने त्याला संहितेची प्रतिष्ठा दिली. चित्रांत, नाटकांत, ‘पतित’ स्त्रियांना कोंडून ठेवणाऱ्या संस्थांच्या नावांत ही मरीया जगली. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार असलेली स्त्री वेश्या म्हणून ओळखली गेली, आणि याला शुभवर्तमानांत एका शब्दाचाही आधार नव्हता.

याच ग्रेगरीचे पंचविसावे प्रवचन मरीया रिकाम्या कबरेपाशी रडत उभी राहते त्या प्रसंगावर आहे. तेथेही तिला पापी म्हटले आहेच. पण शिष्य परत गेले आणि ती थांबली, या एका क्रियापदावर त्याने केलेले विवेचन शोधाच्या मानसशास्त्राचा नमुना ठरावे. एकाच भाष्यकाराच्या हातून एकाच स्त्रीला मिळालेले हे दोन न्याय. ग्रेगरीला केवळ थोर वाचक किंवा केवळ स्त्रीद्वेष्टा ठरवणाऱ्यांनी ही दोन प्रवचने शेजारी ठेवून वाचावीत.

यहुद्यांच्या बाबतीत परिणाम याहून भयंकर होते. ३८६ आणि ३८७ या वर्षांत अँटिओकमध्ये क्रिसोस्तोमने दिलेली यहुदीविरोधी प्रवचने आज वाचवत नाहीत. त्यांचे निमित्त पंचांगाचेच होते : शरद ऋतूत यहुद्यांचे सण येत आणि अनेक ख्रिस्ती त्यांत आनंदाने सामील होत. दोन पंचांगांच्या सरमिसळीने घाबरलेल्या प्रवचनकाराने शेजाऱ्यांना राक्षस ठरवले. दारातल्या उघड्या माणसाला पाहणारा आणि सभास्थानातल्या शेजाऱ्याला न पाहणारा हा वाचक एकच. दुःखसहनाच्या सप्ताहात मत्तयाचे वृत्त वाचले जाई, जमावाचा आक्रोश ऐकू येई, आणि भाष्य त्या आक्रोशाचा भार पुढील सर्व पिढ्यांवर टाकी. शुभशुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांसंबंधीचे अवमानकारक विशेषण १९५९ साली वगळले गेले. सर्व यहुद्यांवर सरसकट दोष ठेवता येणार नाही, हे ख्रिस्तसभेने औपचारिकपणे सांगितले ते १९६५ साली.

६

मग निकष कोणता? तो बाहेरून आणण्याची आवश्यकता नाही; परंपरेने तो स्वतःच दिला आहे. ऑगस्टिन ‘दे दोक्त्रिना क्रिस्तियाना’मध्ये म्हणतो की ज्या वाचनातून देवाची आणि शेजाऱ्याची प्रीती उभी राहत नाही, ते संहितेचे आकलन नव्हेच. जो चुकीचा अर्थ लावूनही प्रीतीपर्यंत पोहोचतो, तो रस्ता सोडून शेतातून चालत मुक्कामी पोहोचलेल्या माणसासारखा; तरीही त्याला रस्ता दाखवला पाहिजे, नाहीतर आडवाटेची सवय त्याला भलतीकडे नेईल. या उपमेचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. पहिला भाग रखवालदाराला पौल म्हणणाऱ्या वाचनाला सोडून देतो. दुसरा भाग मरीयेला वेश्या ठरवणाऱ्या आणि शेजाऱ्याला शत्रू ठरवणाऱ्या वाचनाला सोडत नाही. आचार्यांचा निकष आचार्यांना लावणे यात अनादर नाही. त्यांना वाचक म्हणून गंभीरपणे घेण्याचा दुसरा मार्गही नाही.

ख्रिस्तसभेने हे संशोधन केले आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६९ च्या सुधारित पंचांगाने २२ जुलै हा दिवस केवळ पुनरुत्थित ख्रिस्त जिला दिसला त्या मरीयेचा, असे स्पष्ट केले आणि त्या दिवशी योहानाच्या विसाव्या अध्यायाचे वाचन ठेवले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या कारकीर्दीत या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. २०२१ मध्ये बेथानीची मरीया मार्था व लाजर यांच्यासह २९ जुलैच्या स्मरणदिनात स्वतंत्रपणे आली. तिघींची झालेली एक स्त्री अशा रीतीने पुन्हा वेगवेगळी झाली.

परंतु हे संशोधन रविवारच्या श्रोत्यापर्यंत पोहोचते ते मुकेपणाने. पाठ बदलला जातो. आधी काय वाचले जाई आणि ते का बदलले, हे वाचनपीठावरून सांगितले जात नाही. आज जुलैत योहानाचा पाठ ऐकणाऱ्याला पूर्वी लूकचा पाठ वाचला जात होता याची गंधवार्ता नसते, आणि म्हणून त्याच्या मनातील मग्दालिया अजूनही चित्रपटातली आणि चित्रातली पापी स्त्रीच राहते. पंचांग दुरुस्त करू शकते. ते कबुली देऊ शकत नाही. जुन्या वाचनाची नोंद ठेवणे, ते कसे घडले आणि कोणाला भोवले हे सांगणे, हे काम समीक्षेचे आहे. तिने ते ईश्वरशास्त्रावर सोपवून हात झटकले आहेत.

७

मराठी समीक्षेला हा संकोच विशेष शोभत नाही. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाने शुभवर्तमान मराठीत आणले ते भाषांतराच्या रूपाने नव्हे. पुराणाचा घाट, ओवीचा छंद, श्रोत्यांच्या शंका आणि गुरूची उत्तरे, अशा सभेतील श्रवणाच्या रूपाने ते आले. म्हणजे आद्य ख्रिस्ती प्रवचनाची मूळ परिस्थिती, नुकतेच ऐकलेले आणि त्यावर विचारलेले, ही मराठीत आपल्या पुराणश्रवणाच्या संकेतांतून पुन्हा उभी राहिली. या ग्रंथाच्या भाषेचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातील अर्थनिर्णयाच्या पद्धतीची चिकित्सा त्या मानाने उपेक्षित राहिली. भाषेचा गौरव करायचा आणि वाचनाविषयी गप्प राहायचे, ही विभागणी सोयीची असली तरी न्याय्य नाही.

जी समीक्षा गीतेवरील टीकेला वाङ्मय मानते, टीकाकाराच्या प्रतिभेला मूळ संहितेच्या तोडीचे स्थान देते, तिने शुभवर्तमानावरील टीकेला मात्र धर्मोपदेशाच्या कप्प्यात टाकावे याचे समर्थन कोणत्याही वाङ्मयीन तत्त्वाने होत नाही. आणि ज्या दिवशी ती हा कप्पा उघडेल, त्या दिवशी तिला केवळ ओरिजेनचे चातुर्य आणि क्रिसोस्तोमचे ओज सापडणार नाही. एक वाचन प्रसंगातून कसे जन्मते, संकलनात कसे गोठते, पंचांगात शिरून संहितेचे सोंग कसे घेते आणि नंतर गुपचूप कसे काढून टाकले जाते, ही प्रक्रियाही सापडेल. ती प्रक्रिया एका धर्मापुरती मर्यादित नाही. ज्या ज्या समाजात पवित्र मानलेला ग्रंथ ठरावीक तिथीला मोठ्याने वाचला जातो, तेथे तेथे ती आजही चालू आहे. तिच्याकडे पाहण्याचे टाळणारी समीक्षा तटस्थ राहत नाही. जुने वाचन कोणाला भोवले हा प्रश्न ती न विचारताच मिटवून टाकते.